लिंगो, हायावाथाच्या चालीत

बडा फुहारा पाहायला आम्ही जबलपूरकर कधी जात नाही. तिथे कापड घ्यायला जातो, भांडी घ्यायला जातो, सराफ्यात जाताना तिथून वळतो. कारंजं मधे उभं असतं आणि कमानिया गेटकडून आलेली गर्दी त्याला वळसा घालून कोतवालीकडे सरकत असते. माझी आई शेवटपर्यंत त्याला ‘कारंजं’च म्हणत असे. सायकलरिक्षावाल्याला ते कळत नसे, आणि त्याला कळत नाही हे आईला पटत नसे.

गेल्या हिवाळ्यात त्याच भागातल्या एका गल्लीत, रद्दीच्या दुकानात, मला जेम्स फोर्सिथचं ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ मिळालं. पुस्तक मूळ 1871 सालचं. माझ्या हाती आलं ते अलीकडचं साधं पुनर्मुद्रण. फोर्सिथ लष्करातला आणि जंगलखात्यातला तरुण अधिकारी. भेडाघाटच्या संगमरवरी खडकांचं त्यानं केलेलं वर्णन पर्यटनाच्या पत्रकांतून वर्षानुवर्षं छापलं जातं, त्यामुळे नाव माहीत होतं. पुस्तक वाचलं नव्हतं. चहाच्या टपरीपाशी उभ्यानंच पानं चाळताना एक लांब कविता लागली, ‘द ले ऑफ सेंट लिंगो’. लिंगो म्हणजे गोंडांचा आदिपुरुष. दोनचार ओळी ओठातल्या ओठात म्हटल्या, आणि बोटं पुठ्ठ्यावर आपोआप ठेका धरू लागली.

हा ठेका माझ्या चांगल्या ओळखीचा. मी तीसेक वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. लाँगफेलोच्या ‘साँग ऑफ हायावाथा’मधला बालपणाचा उतारा पाठ्यपुस्तकात असे, आणि मी मुलांना टाळ्या वाजवत तो म्हणायला लावत असे. आठ अक्षरांची ओळ, एका अक्षरावर जोर आणि पुढचं अक्षर मोकळं. यमक नाही. तेच शब्द जरा फिरवून पुन्हा येतात. अष्टाक्षरीच्या सवयीच्या कानाला ती चाल परकी वाटत नाही, चटकन पाठ होते. म्हणूनच मला तो उतारा शिकवायला आवडत असे. तो कुणाचा, हा प्रश्न मी वर्गात कधी विचारला नाही. कवीचं नाव पानावर छापलेलं होतं.

तर नर्मदेकाठच्या जंगलातला लिंगो अमेरिकेतल्या सरोवराकाठच्या हायावाथाच्या चालीवर चालत होता. त्याला ती चाल कुणी लावली, आणि त्यात काही वावगं होतं का, या प्रश्नानं मला पुढचे काही महिने सोडलं नाही.

आधी हायावाथाची हकीकत. हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलोनं हे काव्य 1855 साली प्रसिद्ध केलं. त्यातल्या कथा बहुतेक ओजिब्वे लोकांच्या, म्हणजे सुपीरियर सरोवराच्या परिसरातल्या आदिवासींच्या. त्या त्याला मिळाल्या हेन्री स्कूलक्राफ्टच्या पुस्तकांतून, मुख्यतः 1839 च्या ‘अल्जिक रिसर्चेस’मधून. स्कूलक्राफ्ट हा अमेरिकी सरकारनं आदिवासींच्या व्यवहारासाठी नेमलेला एजंट. त्याला या कथा मिळाल्या कशा? बऱ्याचशा घरातच मिळाल्या. त्याची बायको जेन जॉन्स्टन हिचे वडील आयरिश व्यापारी होते आणि आई ओजिब्वे. जेन दोन्ही भाषांत कविता लिहीत असे. तिचं ओजिब्वे नावही होतं, बामेवावागेझिकाक्वे. तिनं, तिच्या आईनं आणि भावंडांनी सांगितलेल्या, भाषांतर करून दिलेल्या गोष्टी नवऱ्याच्या नावानं छापल्या गेल्या. ती 1842 साली वारली. तेरा वर्षांनी काव्य आलं, त्याच्या टिपांत लाँगफेलोनं स्कूलक्राफ्टचे आभार मानले आहेत.

कथांचा नायक मुळात नानाबोझो. तो मोठा गमतीचा देव आहे: कधी ससा होतो, कधी माणूस, खादाड, लबाड, स्वतःच्याच चलाखीत अडकणारा आणि तरीही लोकांना जगण्याच्या युक्त्या देणारा. लाँगफेलोनं त्याला धुऊन पुसून उदात्त केलं, आणि नाव दिलं हायावाथा. हे नाव इरोक्वॉय लोकांच्या एका पुढाऱ्याचं, म्हणजे वेगळ्या लोकांचं, वेगळ्या भाषेचं. दोघे एकच, असा स्कूलक्राफ्टचा समज होता. कवीनं तो तसाच उचलला. चालही तिथली नाहीच. ती फिनलंडच्या ‘कालेवाला’ची, आणि तीही लाँगफेलोनं वाचली ती जर्मन भाषांतरातून. शेवटी काळ्या झग्यातले मिशनरी येतात, हायावाथा त्यांचं स्वागत करतो, आपल्या लोकांना त्यांचं ऐकायला सांगतो आणि नावेत बसून मावळतीकडे निघून जातो. 1836 साली याच ओजिब्वे आणि ओटावा लोकांकडून मिशिगनचा फार मोठा प्रदेश सरकारकडे गेला, तो करार सरकारच्या बाजूनं करणारा माणूस स्कूलक्राफ्टच होता. काव्यातला नायक इतक्या शांतपणे का जातो, हे मला वर्गात कळलं नव्हतं.

लिंगोची वाट अशीच, फक्त ती नागपूरहून निघते. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 पासून नागपुरात होता. हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. त्यानं एका परधानाकडून लिंगोचं गीत गोंडीत उतरवून घेतलं. परधान म्हणजे गोंडांचा गायक, कुळकथा राखणारा. 1863 च्या सप्टेंबरात, टाकळघाटजवळची जुनी शिलावर्तुळं पाहून परतताना, पुराच्या ओढ्यात हिस्लॉप बुडाला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलनं संपादित करून 1866 साली छापले. फोर्सिथनं त्यावरून लिंगोचं गीत आटोपशीर करून हायावाथाच्या छंदात बसवलं. शिवाय लिंगोला ‘सेंट’ केलं.

गीतातली कथा मात्र अशी आहे की ‘सेंट’ म्हटल्यानं तिचं फार बिघडत नाही. महादेव गोंडांवर रागावतो. ते वाटेल ते खातात, पवित्र डोंगरावर घाण करतात, त्यांचा वास येतो. म्हणून तो त्यांना गुहेत कोंडून वर शिळा ठेवतो. चारच भाऊ बाहेर उरतात. फुलातून जन्मलेला लिंगो त्यांच्यात येऊन राहतो, त्यांना शेती शिकवतो. पुढे भावांच्या बायका त्याच्या मागे लागतात, तो ऐकत नाही. बायका उलटी कागाळी करतात, भाऊ त्याला मारून त्याचे डोळे काढतात आणि त्या डोळ्यांच्या गोट्या खेळतात. देव त्याला पुन्हा उठवतो. मग तो जाऊन कोंडलेल्या गोंडांना सोडवतो, त्यांची कुळं लावतो, देव वाटून देतो. आपल्या माणसांनी मारल्यावरही त्यांच्याचसारख्यांना सोडवायला निघालेला हा माणूस मला हायावाथाहून कितीतरी खरा वाटतो. चाल मात्र दोघांची एक. दोन जंगलं, दोन भाषा, आणि इंग्रजी वाचकाला दोन्हीकडे तोच ढोल ऐकू येतो. ‘आदिवासी असं बोलतात’ हे त्याला आधीच ठाऊक झालेलं असतं.

माझे एक मित्र, निवृत्त प्राध्यापक, यांच्याशी मी हे बोलले तेव्हा ते म्हणाले, “बाई, कथा काय कुणाच्या बापाची असते का? रामायण किती जणांनी सांगितलं? आपल्या ज्ञानोबांनी संस्कृतातली गीता मराठीत आणली, तेव्हा कुणाची परवानगी घेतली? आणि हिस्लॉपनं लिहून घेतलं नसतं, तर तुम्हाला लिंगो कळला असता का?”

त्यांच्या बोलण्यातलं पहिलं मी मान्य केलं, आणि आजही करते. कथा बदलल्याचा दोष देता येत नाही. परधान स्वतः प्रत्येक अंगणात ती थोडी बदलून गातो. लाँगफेलोचा हेतूही वाईट नव्हता. त्या काळी आदिवासींच्या कथा महाकाव्याला साजेशा आहेत असं मानणं हीच मोठी गोष्ट होती. जॉर्ज कॉपवे या ओजिब्वे लेखकाशी त्याचा परिचयही होता.

दुसरं मात्र खरं नाही. लिंगो कळायला हिस्लॉपच हवा होता असं नाही. मला त्याची गरज पडली, कारण मी दुसरीकडे कान दिलाच नव्हता. गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. माघ पौर्णिमेला तिथल्या गुहेपाशी देशभरातून गोंड लोक जमतात. कोंडले गेले ते याच गुहेत, अशी त्यांची श्रद्धा. तिथं सांगितल्या जाणाऱ्या कथेत लिंगोबरोबर जंगो रायताड आहे, आणि शिळा हलवणारा हिरासुका पाटालीर आहे. हा वादक. त्याच्या वाद्यानं शिळा हलली आणि तो तिच्याखाली सापडून मेला. लोक लिंगोबरोबर त्याचंही नाव घेतात.

वादकाचं नाव. हिस्लॉपच्या कागदांत सगळी देवादिकांची, डोंगरांची, पक्ष्यांची नावं आहेत. ज्यानं ते सगळं गायलं तो ‘एक परधान’ आहे. फोर्सिथच्या कवितेत तर तोही नाही.

याच मधल्या वर्षांत जबलपुरात आणखी एक कविता घडली, आणि तिच्या कवीचं नाव कुणी गाळलं नाही. गढा-मंडल्याच्या गोंड राजवंशातले शंकर शाह 1857 साली पेन्शनीवर जबलपुरात राहत होते. छावणीतल्या 52 व्या पलटणीशी त्यांचं संधान असल्याचा संशय होता. झडतीत एका रेशमी पिशवीत कागद सापडला: देवीची प्रार्थना, इंग्रजांचा संहार कर अशी. ती पुराव्यात आली, तिचं इंग्रजी भाषांतरही झालं. 18 सप्टेंबरला शंकर शाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना तोफेच्या तोंडी दिलं. मालगोदाम चौकात आज त्यांचे पुतळे आहेत.

‘हायावाथा’ छापून तेव्हा दोन वर्षं झाली होती. लिंगो इंग्रजीत यायला नऊ वर्षं होती. एका गोंडानं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या गावात, स्वतःचं म्हणणं पद्यात मांडलं, तर तो राजद्रोह. आणि गोंडांची पुरातन कथा, गाणारा बाजूला काढून, इंग्रजी ठेक्यात आली, तर ते साहित्य. एकाच राजवटीच्या दप्तरात दोन्ही कागद नीट लावून ठेवलेले. फोर्सिथला यात काही विसंगत वाटलं असेल असं मला वाटत नाही. तो जंगलावर आणि जंगलातल्या माणसांवर मनापासून लुब्ध होता. लुब्ध होणं सोपं असतं. त्या माणसानं परत येऊन काही मागितलं नाही म्हणजे झालं.

इथं इंग्रजांना नावं ठेवून मराठी माणसाला सुटता येत नाही, निदान जबलपूरच्या मराठी माणसाला तरी. गढा-मंडल्याचं गोंड राज्य इंग्रजांनी बुडवलं नाही. ते 1781 साली सागरच्या मराठ्यांनी घेतलं. पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, आणि 1817 च्या डिसेंबरात जबलपूर इंग्रजांकडे. आमच्यासारखी घरं या शहरात आली ती या ना त्या राज्याच्या मागून, कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर होऊन. बड्या फुहाऱ्यावर मंडला-डिंडोरीकडच्या बायका दागिने मोडायला आलेल्या दिसत. आई त्यांच्या गोंदणाकडे कौतुकानं बघे. आमचं नातं तिथंच थांबे.

त्यातल्या त्यात एक मराठी माणूस पुढे गेला. शामराव हिवाळे. मराठी ख्रिस्ती घरातले. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात व्हेरियर एल्विनशी गाठ पडली, आणि 1932 साली दोघे मैकलच्या डोंगरात करंजियाला येऊन राहिले. ते तेव्हा मंडला जिल्ह्यात होतं, आता डिंडोरीत. दोघांनी मिळून गोंडांची गाणी इंग्रजीत आणली, ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’, 1935. त्यांत हायावाथाचा ठेका नाही. साध्या, मोकळ्या ओळी आहेत. पण मला हिवाळ्यांचं नाव घ्यायचं आहे ते त्यांच्या 1946 च्या पुस्तकासाठी. ते परधानांवर आहे, म्हणजे गाणाऱ्यांवरच.

त्यातून मला जे उमगलं ते असं. परधान हा गोंडांचा धाकटा भाऊ मानला जातो. त्याच्याकडे बाना असतो, तारांचं वाद्य. तो वाजला की बडा देव जागा होतो. प्रत्येक परधानाची यजमान घरं ठरलेली. दर तीन वर्षांनी तो त्या घरी जातो, याला मंगतेरी म्हणतात. तो अंगणात बसतो, बाना लावतो, त्या कुळाची कथा गातो, आणि धान्य, कपडे, पैसे, कधी जनावर, जे असेल ते घेतो. घरधन्याला ‘नको’ म्हणता येत नाही. ही भीक नव्हे. गाणाऱ्याचा ऐकणाऱ्यावर हक्क आहे, आणि ऐकणाऱ्याचा गाण्यावर. कथा त्या दोघांमध्ये राहते. तिसऱ्या वर्षी परधान पुन्हा दारात उभा राहणार, हे दोघांनाही ठाऊक असतं.

मित्राला मी म्हटलं, कथा कुणाच्या बापाची नसेल, पण तिच्यावर उधारी असते. ज्ञानोबांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ते गुरूचं नाव घेतल्यावाचून पुढे जात नाहीत, श्रोत्यांना समोर बसवून बोलतात. लाँगफेलोच्या दारात तिसऱ्या वर्षी कोण येणार होतं? हिस्लॉपकडून टेंपलकडे, टेंपलकडून फोर्सिथकडे जाताना कथेचे शब्द कमीजास्त झाले, ते चालेल. वाटेत मागणाराच गळाला. मित्र यावर “तुम्ही कवितेला सावकारी लावता” म्हणाले. असेल.

ओजिब्वे लोक मात्र एका परीनं दारात आले. कॅनडातल्या गार्डन रिव्हरच्या ओजिब्वेंनी 1900 साली लाँगफेलोच्या मुलींना बोलावलं आणि हायावाथाचं नाटक त्यांच्यासमोर केलं, ओजिब्वे भाषेत. पुढे कित्येक वर्षं ते प्रवाशांपुढे त्याचे प्रयोग करत राहिले. चुकीच्या नावाची, उधारीच्या चालीची, शेवट बदललेली आपलीच गोष्ट त्यांनी आपल्या तोंडात परत घेतली. त्यात पोटाची सोय होती, मजा होती, आणखीही काही असावं. याला पराभव म्हणावं की वसुली, माझं मन अजून ठरत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी भाच्याबरोबर डिंडोरीकडे गेले होते. पाटनगढ पाहायचं होतं, जनगढसिंग श्याम या परधान चित्रकाराचं गाव. यजमान घरं कमी झाली, बाना वाजवायला अंगण उरलं नाही, तेव्हा त्यानं देव कागदावर आणले आणि त्याच्यामागून सगळं गाव चितारू लागलं. वाटेत एका वस्तीत एक म्हातारे परधान भेटले. त्यांनी बाना काढला आणि तासभर गायलं. मी मोबाईलवर ध्वनिमुद्रण केलं, शब्द कळले नाहीत तिथे भाच्यानं विचारून घेतलं. निघताना शंभराच्या काही नोटा दिल्या. त्यांनी त्या मोजल्या नाहीत. परत कधी येणार, एवढं विचारलं. मी हसले. मला वाटलं, आपुलकीनं विचारताहेत.

त्या गाण्याचं मी मराठी भाषांतर केलं. अष्टाक्षरीत केलं. छान जमलं असं मला तेव्हा वाटलं, आणि एका दिवाळी अंकात ते आलं. वर माझं नाव, खाली तिरप्या अक्षरात टीप: ‘डिंडोरी परिसरातील एका वृद्ध परधानाकडून’. दोघातिघांनी फोन करून लय आवडल्याचं सांगितलं. मानधन आलं. फोर्सिथ हातात येईपर्यंत या टिपेकडे माझं लक्षही गेलं नव्हतं.

मग मी त्या प्रवासाची वही काढली. पेट्रोल किती, जेवण किती, कोणत्या फाट्याला वळायचं, बान्याच्या तारा किती, सगळं लिहिलेलं आहे. नाव नाही. भाच्यानं जुन्या मोबाईलमधून ध्वनिमुद्रण शोधून काढलं. तासभर आम्ही ते ऐकलं. गाणं संपतं, बाना खाली ठेवल्याचा आवाज येतो, ते काहीतरी बोलायला लागतात, आणि मुद्रण तुटतं. जागा वाचवायला मी तिथं बटण दाबलं होतं.

पावसाळ्यानंतर जायचं ठरवलं आहे. अंक बरोबर नेईन, पण तो त्यांना वाचता येणार नाही आणि वाचून दाखवायला मला अवघड जाईल. मानधनाची रक्कम वेगळी काढली आहे. तीन वर्षं केव्हाच उलटून गेली, तेव्हा ती पुरेल असं नाही. भाचा म्हणतो, मावशी, इतक्या वर्षांनी ते असतील का. ते नसले तर मुलगा असेल, नातू असेल. परधानाची यजमान घरं वारशानं पुढच्याकडे जातात, हे हिवाळ्यांच्या पुस्तकात स्पष्ट दिलं आहे.